शांतीवर तात्पुरती बंदी

हे सगळे २०१८ साली घडले. साल पक्के लक्षात राहण्याचे कारण असे की त्या वर्षी मार्चमध्ये आमच्या क्विम्बी हार्बर गावाने गांजाच्या धंद्यावर तात्पुरती बंदी घातली, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत त्या बंदीत अख्ख्या गावातून एकच माणूस सापडला. तो माणूस म्हणजे मी. लव्हीना ग्रिंडल, वय शहात्तर, निवृत्त शिक्षिका. व्यसन म्हणाल तर शब्दकोडी.

गांजा हा शब्द आता मी सरळ लिहून टाकते. तेव्हा मी तो लिहू दिला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

मुळात माझे गांजाशी काही देणेघेणे नव्हते. मला चहा विकायचा होता. जानेवारीत मी पायरीवरच्या बर्फावरून घसरले आणि मनगट मुरगळले. एवढीशी गोष्ट, पण शेजारच्या आर्डिथ वॉर्डवेलने ती फोन करून माझ्या मुलीला फिनिक्सला कळवली. आर्डिथ माझी एकावन्न वर्षांची मैत्रीण. तिच्या पोटात बातमी राहिल्याची एकही नोंद नाही. दुसऱ्या दिवशी मार्लीनचा फोन आला.

"आई, तू दिवसभर कोणाशी बोलतेस?"

"मांजरीशी."

"आणि?"

"आणि काय? ती ऐकून घेते. तुझ्यासारखी मध्ये बोलत नाही."

मार्लीनने उसासा टाकला. तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे, खोलीला स्वतंत्र एसी आहे, अंगणात पोहण्याचा तलाव आहे, हे सगळे मला पुन्हा एकदा ऐकवण्यात आले. वाळवंटात बसून तलावाकडे बघायचे, हा म्हातारपणाचा कार्यक्रम मला पटण्यासारखा नव्हता. मी समुद्राकाठची बाई. माझे घर, माझी खिडकी, खिडकीतून दिसणाऱ्या झिंगेवाल्यांच्या बोटी, हे सोडून मी कुठे जाणार? बरीच घासाघीस झाली. शेवटी करार ठरला: सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत माझ्या घरी रोज चार माणसे येतील असा काही उद्योग मी सुरू केला, तर मार्लीन पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही तर घर विकायला काढायचे आणि मी फिनिक्सला जायचे.

"लिहून दे," मी म्हणाले. तिने लिहून दिले. एक मात्रा चुकली होती ती मी दुरुस्त केली.

आमच्या घराला पुढे काचेचा व्हरांडा आहे आणि मागे माझी बाग. कॅमोमाइल, लव्हेंडर, पुदिना आणि मांजरी ज्यावर लोळतात ते कॅटनिप. वर्षानुवर्षे मी ते वाळवून नाताळात वाटत आले. तेच आता व्हरांड्यात विकायचे ठरवले. बोटींवर नावे रंगवणाऱ्या माणसाकडून पाटी करून घेतली. त्याने न सांगता कोपऱ्यात नांगर काढला, कारण नांगराशिवाय त्याचा हात थांबत नाही. पाटीवर मजकूर माझा:

'लव्हीनाचा शांती चहा. मनाला शांती देणारी वाळवलेली पाने, फुले आणि कळ्या.'

या वाक्यावर मी चार दिवस घालवले होते. वाक्य असे नेमके पाहिजे की त्यातून काही सुटता कामा नये. हे मी चौतीस वर्षे वर्गात सांगत आले. पुढे याच नेमकेपणाने माझा गळा धरला.

पाटी बघून आर्डिथ म्हणाली, "अगं, चहा कशाला म्हणतेस? चहा काय, पेट्रोल पंपावरही मिळतो. औषध म्हण."

"औषध म्हटलं तर सरकार येईल."

"मग मेणबत्त्या ठेव. पर्यटकांना वास आला की ते पैसे काढतात."

"आर्डिथ, तुला माझा चहा आवडतो की नाही?"

"आवडतो गं," ती म्हणाली, "पण मी फुकट पिते ना."

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी गावसभा होती. आमच्याकडे गावाचा कारभार असा चालतो: वर्षातून एकदा सगळे गाव शाळेच्या जिममध्ये लोखंडी खुर्च्यांवर बसते, एकेक ठराव वाचला जातो, लोक भांडतात, पिवळे कार्ड वर करून मत देतात आणि दुपारी चर्चच्या बायकांनी केलेले गोडसर राजमे खाऊन पुन्हा भांडायला बसतात. चौऱ्याहत्तर साली रस्त्यावरच्या एका दिव्यासाठी आम्ही पावणेतीन तास भांडलो होतो. दिवा मंजूर झाला, बल्ब नामंजूर झाला.

त्या वर्षी सगळ्यांचे लक्ष चौदाव्या ठरावावर होते. राज्याने गांजाला परवानगी दिली होती, पण दुकानांचे नियम अजून तयार नव्हते. आसपासची सगळी गावे घाईघाईने एकशे ऐंशी दिवसांची तात्पुरती बंदी घालत होती. आमच्या गावाला घाई जास्त, कारण रॉनी पेलेटियरने चर्चशेजारचे जुने हार्डवेअरचे दुकान भाड्याने घेतले होते, आणि तो तिथे खिळे विकणार नाही हे सर्वांना कळून चुकले होते. गावाचा रोजचा कारभार बघणाऱ्या तिन्ही पंचांनी शेजारच्या गावाचा ठराव मागवला आणि त्यातले गावाचे नाव बदलले. तीन ठिकाणी बदलले, चौथ्या ठिकाणी राहिले. ते मी दाखवून दिले. तेवढ्यावर खाली बसले असते तर!

सभाध्यक्ष हार्लंड बील गेली बावीस वर्षे त्या खुर्चीत होता. माणूस सरळ, कानाने मात्र अर्धा. त्याच्या कानातले यंत्र अधूनमधून शिट्टी मारी आणि त्याला वाटे, कोणीतरी हरकत घेतली.

"बोला, बाई," तो म्हणाला. निम्म्या गावाला मी शिकवले आहे, त्यामुळे उरलेले गावही मला बाईच म्हणते.

मी उभी राहिले. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, ठरावाला माझा पाठिंबा आहे. पण हा ठराव गावाच्या वार्षिक पुस्तकात छापला जाणार. ते पुस्तक घरोघर जातं, वाचनालयात राहतं. आपली नातवंडं त्यावर वाचायला शिकतात. त्यात हा शब्द अकरा वेळा आला आहे. गावाच्या पुस्तकात हा शब्द शोभतो का?"

जिममध्ये हुंकार उठले. मला चेव आला. मी दुरुस्ती सुचवली: 'गांजा' हा शब्द जिथे जिथे आहे तिथे तिथे तो काढून 'मनाला शांती देण्यासाठी विकली जाणारी कोणतीही वाळवलेली पाने, फुले किंवा कळ्या' असे घालावे. हे शब्द मला कसे झटकन सुचले याचे मला स्वतःलाच कौतुक वाटले. ते महिनाभर माझ्याच व्हरांड्यात वाळत होते हे तेव्हा लक्षात आले नाही.

टाळ्या पडल्या. एकावन्न वर्षांत मला त्या जिममध्ये टाळ्या पडल्या नव्हत्या, कारण मी जन्माने नदीपलीकडच्या गावची, म्हणजे बाहेरची. पिवळी कार्डे वर गेली. मागच्या रांगेत रॉनीनेसुद्धा कार्ड वर केले. मला वाटले, चला, उशिरा का होईना, मुलावर संस्कार झाले.

मे महिन्यात मी दुकानाच्या परवान्यासाठी अर्ज केला. आमचा नियम-अधिकारी विल्मर स्प्रेग तीन गावे मिळून एकटाच; आमच्या वाट्याला मंगळवार येतो. मंगळवारी तो अग्निशमन बंबाशेजारी टेबल टाकून बसतो. पहिल्या मंगळवारी अर्जाचा रंग चुकला. दुसऱ्या मंगळवारी बंब आगीवर गेला होता आणि गडबडीत टेबलही त्याच्यावरच गेले. तिसऱ्या मंगळवारी पाटीचा वेगळा अर्ज लागतो असे कळले, नांगराचे क्षेत्रफळ धरून. जूनमध्ये विल्मर स्वतः पाहणीला आला. त्याने पायऱ्या मोजल्या, दरवाजा मोजला. मग पाटी वाचली. पुन्हा वाचली. टोपी काढून हातात घेतली, तेव्हाच मला कळायला हवे होते. आमच्याकडे पुरुष फक्त प्रार्थनेला आणि वाईट बातमीला टोपी काढतात.

"बाई," तो म्हणाला, "ही पानं वाळवलेली आहेत?"

"मग काय ओली विकू?"

"आणि... मनाला शांती देतात?"

"उत्तम देतात. तुला एक कप करू?"

त्याने फाईलमधून कागद काढला. "चौदावा ठराव. 'मनाला शांती देण्यासाठी विकली जाणारी कोणतीही वाळवलेली पाने, फुले किंवा कळ्या.' बाई, हे तर पाटीवरचंच आहे. शब्दाला शब्द."

"अरे, पण तो ठराव त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे!"

"कुठल्या?"

"तुला माहीत आहे कुठल्या."

"मला माहीत आहे हो. पण कागदाला माहीत नाही ना. कागदात तो शब्दच नाही. कोणीतरी काढायला लावला."

कोणी, हे त्याने विचारले नाही. सभ्य माणूस. दारावर बंदीचा लाल कागद चिकटवताना त्याने चारही कोपरे नीट बसवले, एवढीच माझ्या दुःखात त्याची भर.

दुपारपर्यंत गावात पसरले की ग्रिंडलबाईंच्या दारावर गांजाच्या कायद्याखाली लाल कागद लागला. रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारचे बाक रिकामे राहिले. पाद्र्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून म्हटले, "आम्ही तुमच्या बाजूने आहोत. सुटतं हे, सुटतं." मार्लीनचा फोन आला. आर्डिथने अर्थातच कळवले होते.

"आई! हा कसला उद्योग?"

"कॅमोमाइल आहे गं!"

"सगळे असंच म्हणतात, आई. मी ऑगस्टमध्ये येते. खोली रंगवून ठेवलीय."

इकडे माझे दुकान बंद, आणि जुलैच्या पहिल्या तारखेला रॉनीचे दुकान उघडले! नवी काच, काचेवर हिरवे पान. मी तडक गेले. हातात ठरावाची प्रत आणि तांबड्या शाईचे पेन. आत शिरले तर दुकान भरलेले. काउंटरशी चर्चचे खजिनदार उभे होते, मला पाहताच म्हणाले, "कुत्र्यासाठी. कुत्र्याचे सांधे धरतात." त्यांच्याकडे कुत्रा नाही. त्यांच्यामागे गावसभेत बंदीच्या बाजूने पंधरा मिनिटे बोललेली बाई गुडघ्याच्या मलमाची डबी पर्समध्ये कोंबत होती. आणि मलमांच्या कपाटाआड हिरवा कोट. तो कोट मी एकावन्न वर्षे ओळखते.

"आर्डिथ, बाहेर ये."

"मी तुलाच शोधत होते," आर्डिथ म्हणाली. कपाटाआड!

मी रॉनीसमोर ठराव आपटला. "हे काय आहे?"

रॉनी आता पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला. पण मला बघून उभा राहिला. "बाई, मी गोळ्या विकतो, तेल विकतो, मलम विकतो. ठरावात पानं, फुलं आणि कळ्या आहेत. त्याही वाळवलेल्या. माझ्या दुकानात एकही वाळकं पान नाही. विल्मर येऊन बघून गेला."

"हा शब्दच्छल आहे!"

"नाही बाई. तुम्हीच सातवीत शिकवलंत. वाक्यात जे लिहिलं नाही ते वाक्यात नाही. मला त्या वर्षी नापास केलंत त्यावरून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आधीचा ठराव असता तर मी मेलो होतो. पहिल्याच ओळीत तो शब्द होता. तुम्ही काढलात. तुमचे उपकार फार आहेत. गुडघ्यासाठी काही देऊ?"

चौतीस वर्षांत एका विद्यार्थ्याने माझे एक वाक्य पुरते समजून घेतले, आणि तो हा निघाला.

बंदी सप्टेंबरच्या मध्यावर संपणार होती, पण पंचांनी ती आणखी एकशे ऐंशी दिवस वाढवायचे ठरवले. आमच्या गावात तात्पुरत्या गोष्टी फार टिकाऊ असतात; चोपन्नच्या वादळात वाहून गेलेल्या पुलाजागी बांधलेल्या तात्पुरत्या पुलावरून मी अजून भाजी आणायला जाते. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी खास सभा बोलावली. माझ्या मुदतीला नऊ दिवस उरले होते. मार्लीन आलीच होती, रिकाम्या खोक्यांसकट. ती जिममध्ये बाहेरच्यांसाठी दोरी बांधून वेगळ्या ठेवलेल्या खुर्च्यांवर बसली आणि माझ्याकडे असे बघू लागली, जसे शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तिच्याकडे बघत असे.

मला एकच करायचे होते. माझी दुरुस्ती मागे घेऊन तो जुना शब्द परत घालायचा. मी उभी राहिले.

"अध्यक्ष महाराज, मार्चमध्ये जो शब्द काढला, तो परत घालावा अशी मी सूचना मांडते."

"कुठला शब्द, बाई?" हार्लंड म्हणाला. "नोंदीसाठी शब्द बोलावा लागेल."

मी बोलले. हळू.

"काय? भांडा?"

मी पुन्हा बोलले.

"कांदा? बाई, कांद्याचा ठराव नाही आज."

त्याच्या यंत्राने शिट्टी मारली. मी डोळे मिटले आणि ज्या आवाजात मी मैदानाच्या पलीकडच्या टोकाची मुले वर्गात बोलावत असे, त्या आवाजात ओरडले: "गांजा! हार्लंड, गांजा! गांजा हवाय मला!"

'ठरावात' हा शब्द राहून गेला. बाहेरच्यांच्या खुर्च्यांत मार्लीनने चेहरा हातांनी झाकला.

आता मला वाटले होते की बंदीच्या बाजूचे सगळे माझ्या बाजूला येतील. पण शब्द परत आला की रॉनीचे दुकान बंद होणार, आणि दुकान बंद झाले की मलम बंद, हे हिशेब त्या जिममधल्या प्रत्येक गुडघ्याने केलेले होते. खजिनदार उठले. "गावाच्या पुस्तकात असा शब्द? आपली नातवंडं त्यावर वाचायला शिकतात!" टाळ्या. मलमवाली बाई उठली. "बाईंनी मार्चमध्ये आपल्याला जो आदर्श घालून दिला, त्यापासून त्यांनीच ढळावं, याचं वाईट वाटतं." पुन्हा टाळ्या. मी आर्डिथकडे पाहिले. आर्डिथ छताकडे पाहत होती.

माझ्या बाजूने अकरा कार्डे, विरुद्ध त्रेसष्ट. अकरांत एक रॉनीचे होते; त्याला माझी दया आली होती आणि आकडे त्याने आधीच मोजले होते. मग बंदी एकमताने वाढवण्यात आली.

घरी आले तर मार्लीनने स्वयंपाकघरातल्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. थोड्या वेळाने विल्मर आला. बंदी वाढल्याचा नवा लाल कागद दारावर लावायचा होता. तो दिसताच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय मला भांडताही येत नाही. कॅमोमाइलचा मोठा मग त्याच्या हातात दिला आणि सुरुवात केली. पंचांपासून सुरुवात केली, खजिनदारांच्या नसलेल्या कुत्र्यावर आले, मग त्याचे अर्ज, त्याचे रंग, त्याचा बंब, माझ्या नांगराचे क्षेत्रफळ. तो निमूट पीत होता. पहिला मग संपला म्हणून मी दुसरा भरला आणि विल्मरच्या १९८३ सालच्या निबंधावर आले.

शेवटी त्याने मग खाली ठेवला. कपाळ पुसले.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "दोन मग प्यालो. मला शपथेवर सांगावं लागलं तर सांगेन, मनाला काडीची शांती मिळाली नाही. उलट छातीत धडधडतंय."

मी थांबले.

"काय म्हणालास?"

"छातीत धडधडतंय."

"त्याच्या आधीचं."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग ठरावाकडे पाहिले. विल्मर हळूहळू विचार करतो, पण पूर्ण करतो. त्याने फाईल उघडली, पाहणीचा अर्ज काढला आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्यादेखत लिहिले: 'मालाची जागेवर चाचणी घेतली. मनाला शांती आढळून आली नाही. ठराव लागू नाही.' खाली सही, तारीख, शिक्का. मग नवा लाल कागद परत फाईलमध्ये घातला आणि दारावरचा जुना काढून घेतला.

पाटीचे काम मी स्वतः केले. शिडीवर चढायला मार्लीनने मनाई केली, म्हणून शिडी तिने धरली. 'शांती'च्या आधी एक 'अ' घातला, आणि खाली 'शांती न देणारी' अशी दुरुस्ती केली. लव्हीनाचा अशांती चहा.

रविवारी दुकान उघडले. पहिले गिऱ्हाईक पर्यटक. पाटीसमोर फोटो काढून हसत हसत चार पुड्या घेऊन गेले. दुसरी आर्डिथ, रडत.

"मी छताकडे बघत होते गं."

"दिसलं मला."

"माझे गुडघे, लव्हीना."

"बस. चहा पी. आज विकत."

सोमवारी तर झुंबड उडाली. शांती नाही असा सरकारी शिक्का असलेली जागा गावात दुसरी नव्हती, त्यामुळे ज्याला भांडायचे तो व्हरांड्यात येऊ लागला. पुलावरून, बंबावरून, चौऱ्याहत्तरच्या बल्बवरून. मार्लीन दारात उभी राहून माणसे मोजत होती. चारावर थांबायचे होते, ती सव्वीसपर्यंत गेली. मग आत जाऊन तिने बशा उलगडायला घेतल्या.

"मात्रा दुरुस्त केलेला कागद आहे माझ्याकडे," मी आतून ऐकू जाईल असे म्हणाले.

"माहीत आहे, आई."

आता मी त्र्याऐंशीची आहे. ती तात्पुरती बंदी आजवर चौदा वेळा वाढली; वाढवताना कोणी वाचत नाही. रॉनीची आता तीन दुकाने आहेत, आणि २०२३ चे गावाचे वार्षिक पुस्तक 'गावासाठी झिजणाऱ्या' रॉनी पेलेटियर यांना अर्पण करण्यात आले. पुस्तकात तो काय विकतो ते लिहिलेले नाही. हार्लंडने नवे यंत्र घेतले, एका सभेत सगळे स्पष्ट ऐकले आणि त्याच दिवशी अध्यक्षपद सोडले. खजिनदारांनी शेवटी खरोखरच कुत्रा पाळला. विल्मर निवृत्त झाला. मंगळवारी अजून येतो आणि दुसरा मग घेत नाही. आर्डिथ २०२१ च्या हिवाळ्यात गेली. तिच्या उशाखाली मलमाच्या तीन डब्या सापडल्या. तिच्या मुलाने विचारले, हे काय आहे? मी म्हटले, बुटाचे पॉलिश. आणि माझ्या पर्समध्ये टाकल्या. बातमी पोटात ठेवणारे आमच्या दोघींत कोणीतरी हवेच होते.

मार्लीन गेल्या वर्षी निवृत्त झाली. मागच्या महिन्यात ती तलावाच्या कडेला घसरली. मनगटच मुरगळले फक्त. तिच्या मुलाने सिअ‍ॅटलमध्ये तिच्यासाठी खालची खोली रिकामी केली आहे. परवा तिचा फोन आला. बराच वेळ ती हवापाण्याचेच बोलत होती.

"आई," शेवटी म्हणाली, "तो विचारतो, मी दिवसभर कोणाशी बोलते."

"काहीतरी विकायला काढ," मी म्हणाले. "आणि तिकडच्या सभेत जाशील तर गप्प बसून राहा."